मिशनच्या शाळेचा कारभार आणि मूल्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी-वेंगुर्ल्यापासून रत्नागिरी आणि पुढे रेवदंडा-अलिबागपर्यंत किनाऱ्यावर जागोजागी 'मिशनची शाळा' किंवा 'फादरची शाळा' आहे. पालक, शाळा समितीवर नव्याने आलेले सभासद आणि शिक्षक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरे राज्य मंडळाच्या ख्रिस्ती अल्पसंख्याक माध्यमिक शाळांना धरून आहेत. अनुदानामुळे जिथे फरक पडतो तिथे तसे लिहिले आहे.

ही शाळा नक्की कोणाची? चर्चची, फादरची की सरकारची?

कागदोपत्री ती संस्थेची. संस्था १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते, बहुधा जोडीला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही. कॅथलिक शाळेमागे धर्मप्रांताची किंवा सिस्टरांच्या एखाद्या संघाची संस्था असते, तर प्रोटेस्टंट शाळेमागे जुन्या मिशनची मालमत्ता सांभाळणारे विश्वस्त मंडळ. फादर अध्यक्ष किंवा मॅनेजर असतात ते संस्थेच्या घटनेत तसे लिहिले आहे म्हणून. सही करताना ते संस्थेचे पदाधिकारी असतात, धर्मगुरू नव्हे. हा फरक ज्या शाळेत सगळ्यांना ठाऊक असतो तिथे निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

बिशपांचा अधिकार वेगळा. १९८३ च्या कॅथलिक धर्मविधी संहितेतील ८०६ व्या कलमाप्रमाणे धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांना भेट देण्याचा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचा अधिकार बिशपांना आहे, शाळा सिस्टरांच्या संघाची असली तरी. शिक्षणाधिकाऱ्यांचा अधिकार मान्यता, अनुदान, पटसंख्या आणि सेवाशर्तींपुरता. एकाच शाळेवर दोन नजरा, पण दोघांनी पाहायच्या गोष्टी निराळ्या.

जुने कागद शोधताना एक ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये झाला, त्याचे केंद्र सावंतवाडी. त्याआधी हा भाग पुणे धर्मप्रांतात होता, त्यामुळे जुना पत्रव्यवहार पुण्याला सापडू शकतो. रायगड मुंबई महाधर्मप्रांतात येतो.

अल्पसंख्याक दर्जा म्हणजे सरकारी नियमांतून सूट का?

नाही. संविधानाच्या कलम ३० (१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितले, की अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरते. हक्काचा खरा उपयोग मुख्याध्यापक निवडताना आणि प्रवेशाचे धोरण ठरवताना होतो. हिशेब तपासणी, इमारतीची सुरक्षितता, परीक्षा मंडळाचे नियम, शिक्षकांचे पगार आणि मुलांचे संरक्षण यांत तसूभर सूट नाही. 'आम्ही अल्पसंख्याक, आम्हाला विचारता येणार नाही' असे उत्तर कोणी दिले, तर ते उत्तर लेखी मागावे. बहुधा मिळत नाही.

आमची मुलगी हिंदू आहे. प्रार्थना सक्तीची आहे का?

सक्ती करता येत नाही. संविधानाच्या कलम २८ (३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणाही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचे तर संमती लागते. विद्यार्थी अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर पालकांची. ही संमती प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत, 'सर्व नियम मान्य' याच्या पोटात घालू नये. त्यासाठी वेगळी ओळ आणि वेगळी सही ठेवावी. संमती मागे घ्यायची तर साधे पत्र पुरे.

गोंधळ होतो तो तीन गोष्टी एकात कालवल्यामुळे. सकाळचा परिपाठ सगळ्यांचा: राष्ट्रगीत, राज्यगीत, संविधानाची उद्देशिका, सुविचार. मूल्यशिक्षणाचा तासही सगळ्यांचा. धर्मशिक्षणाचा तास आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) मात्र ख्रिस्ती मुलांची आणि ज्यांच्या घरून लेखी होकार आहे त्यांची. परिपाठातली प्रार्थना बहुतेक शाळा सर्वांना म्हणता येईल अशा शब्दांत ठेवतात. ती 'येशूच्या नावाने' संपत असेल तर ज्याला म्हणायची नाही त्याने शांत उभे राहावे, बस्स.

धर्मशिक्षणाच्या तासाला बाकीची मुले कुठे जातात, हा प्रश्न शाळेत जाऊन जरूर विचारा. पडवीत ताटकळत उभी राहत असतील, तर संमतीला अर्थ उरत नाही. एवढ्याशा जीवाला ती शिक्षाच वाटते. त्यांना वाचनालयात, नेमून दिलेल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली बसवायचे आणि तसे वेळापत्रकात छापायचे, ही योग्य पद्धत.

उलट बाजूही आहे. एखाद्या पंथाच्या घरातले मूल श्रद्धेपोटी राष्ट्रगीत गात नसेल, पण आदराने उभे राहत असेल, तर त्याला शाळेतून काढता येत नाही. बिजो इमॅन्युएल प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले.

टिकली, मेंदी, राखी यांवर बंदी असते असे ऐकतो. खरे का?

काही शाळांत असते आणि दरवर्षी श्रावणात त्यावरून भांडण होते. गणवेशाचा नियम सुरक्षिततेवर आणि समानतेवर आधारावा: लोंबते कानातले नको, कारण खेळताना अडकते, सोने नको, कारण हरवते. हे कुणालाही पटते. राखी कापायला लावण्यामागे असले कोणतेही कारण देता येत नाही. ज्या शाळेत क्रूस गळ्यात चालतो आणि टिकली चालत नाही, तिने आधी आपल्या दर्शनी फलकावरचे ब्रीदवाक्य एकदा वाचावे.

गणपतीला किती दिवस सुटी? आणि नाताळची?

माध्यमिक शाळांना वर्षात एकूण ७६ दिवसांपेक्षा जास्त सुट्या देता येत नाहीत आणि कामाचे दिवस किमान २३० भरावे लागतात. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी कमी करून तेवढे दिवस गणेशोत्सवाला किंवा नाताळला वळवता येतात, मात्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. कोकणात चतुर्थीला वर्ग भरतच नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जूनमध्येच हिशेब मांडावा: गणपतीला सात दिवस दिले तर दिवाळीतले किती गेले, नाताळला किती उरले. हे न करता ऐनवेळी सुटी वाढवली, की अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळा बंद ठेवलेले दिवस त्यात मिळतात आणि मार्चमध्ये २३० भरत नाहीत. मग दहावीचे जादा तास रविवारी घेण्याची वेळ येते, आणि रविवारी सकाळी ख्रिस्ती मुले मिस्साला असतात.

शाळा समिती आणि पालक-शिक्षक संघ यांत फरक काय?

शाळा समिती संस्थेची, तर पालक-शिक्षक संघ पालकांचा. खाजगी शाळा कर्मचारी नियमावली, १९८१ प्रमाणे समितीवर संस्थेचे चार प्रतिनिधी असतात, कायम शिक्षकांपैकी एक जण सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने आळीपाळीने येतो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. शिक्षक प्रतिनिधी 'निवडून' आणायची जागाच नाही, यादीत ज्याचा क्रम त्याची पाळी. आवडत्या शिक्षकाला तीन वर्षे ठेवून दिले, तर त्या काळातल्या ठरावांवर बोट ठेवायला जागा मिळते.

पालक-शिक्षक संघ २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे दर शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत स्थापायचा. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक असतो, आणि इच्छुक पालकांतून नावे चिठ्ठ्या टाकून काढायची. अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालक. चिठ्ठ्या पालकांसमोर काढाव्यात. एखाद्या लहान मुलीला स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायला सांगितली, की कोणी शंका घेत नाही.

इतिवृत्ताची वही इतकी महत्त्वाची का मानतात?

कारण वाद झाला, की तपासायला तेवढीच असते. धर्मादाय कार्यालय (विश्वस्त संस्थांवर देखरेख करणारे सरकारी कार्यालय), शिक्षणाधिकारी, शाळा न्यायाधिकरण, सगळे आधी तीच मागतात. मूल्यांचेही तसेच: गरीब मुलांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे म्हणता, तर किती जणांची फी माफ केली, कोणत्या निकषावर, हे वहीत दिसले पाहिजे.

'मुलांच्या अडचणींवर सखोल चर्चा झाली व योग्य ते करण्याचे ठरले' ही नोंद निरुपयोगी. कामाची नोंद अशी दिसते: 'ठराव क्र. ७. आठवी ब वर्गाच्या छपराची फुटकी कौले व कुजलेल्या रिपा बदलणे. तीन दरपत्रके उघडली. दुसरे दरपत्रक सर्वांत कमी, ते मंजूर. काम ३१ मे पूर्वी पूर्ण करणे. खर्च इमारत निधीतून.' खाली सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते' किंवा विरोध करणाऱ्याचे नाव. विरोध नोंदवायला लाजू नये, पुढे तोच सभासद सुटतो.

पाने आधीच क्रमांकित असावीत, मधे कोरी जागा राहिली तर तिरकी रेघ मारावी, टंकलिखित कागद चिकटवला तर अर्धी सही कागदावर आणि अर्धी वहीवर येईल अशी करावी. आपल्याकडे आणखी एक दुखणे म्हणजे दमट हवा. शाईच्या पेनने लिहिलेले ऑगस्टपर्यंत फुटते आणि भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात वहीला बुरशी धरते. बॉलपेन वापरा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि प्रत्येक सभेनंतर पानांचे फोटो काढून ठेवा.

मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेनेच व्हायला हवेत का?

इतर खाजगी शाळांत साधारणपणे होय. अल्पसंख्याक शाळेत नाही. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या आणि संस्थेने अधिसूचित केलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीला तो कायदा लागू नाही. म्हणून ज्येष्ठ शिक्षकाला डावलून एखाद्या सिस्टर मुख्याध्यापिका झाल्या, तर तेवढ्यावरून नेमणूक रद्द होत नाही. पात्रता मात्र हवीच; ती नसेल तर पगाराला मान्यता मिळत नाही.

अधिकार आहे म्हणून तो मुकाट्याने वापरणे शहाणपणाचे नाही. वीस वर्षे शिकवणाऱ्या बाईंना नेमणूक सूचना फलकावर वाचून कळावी, हे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या संस्थेला शोभत नाही. निकष आधी जाहीर करावेत, इच्छुकांच्या मुलाखती घ्याव्यात, कारणे वहीत लिहावीत.

फादरांची बदली झाली. आता चेकवर सही कोणाची?

इथे सर्वाधिक शाळा अडकतात. नवे फादर पदसिद्ध अध्यक्ष होतात, हे संस्थेच्या घटनेप्रमाणे बरोबर. पण बँक आणि धर्मादाय कार्यालय विचारतात की अनुसूची १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत, नाव कोणाचे. विश्वस्त बदलला, की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बदलीचे पत्र, संस्थेचा ठराव, नव्या विश्वस्ताची संमती आणि मावळत्या विश्वस्ताचे पत्र हे कागद नवे फादर रुजू होतात त्याच आठवड्यात गोळा करावेत, कारण जुने फादर एकदा दुसऱ्या जिल्ह्यात गेले की सहीसाठी महिना जातो. तीन बदल्यांचे अर्ज राहून गेले असतील, तर ते क्रमानेच निकाली काढावे लागतात. मधला टप्पा ओलांडता येत नाही.

फी कोण ठरवते? आणि मच्छीमार पालकांना जूनमध्ये भरता येत नाही, त्याचे काय?

विनाअनुदानित शाळेत व्यवस्थापन प्रस्ताव मांडते आणि पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती त्यावर निर्णय घेते. प्रस्ताव पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी यायला हवा, म्हणजे दिवाळीच्या सुटीनंतर लगेच कागद तयार पाहिजेत. मंजूर फी दोन वर्षे बांधील राहते. अनुदानित शाळेत पगार शासन देते, तिथे आकारणी सरकारी नियमांच्या चौकटीतच बसवावी लागते.

आता दुसरा भाग. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि पहिला हप्ता तेव्हाच मागितला जातो, जेव्हा होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि घरात रोकड नसते. पालक मग बचत गटातून किंवा व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि पुढची मासळी आधीच गहाण पडते. उपाय सोपा आहे आणि शाळेला त्याचा काही तोटाही नाही: पहिला हप्ता नारळी पौर्णिमेनंतर, दुसरा नाताळच्या सुटीआधी, तिसरा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. बागायतदारांकडे पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, त्यांना वर्षाची फी आगाऊ भरायची मुभा द्यावी. ही सवलत मागायला कोणाला मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहावे लागू नये; वेळापत्रक सगळ्यांना एकच छापावे.

माजी विद्यार्थ्यांची देणगी घेताना काय पाहावे?

पासपोर्ट. आखातात नोकरी करणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तेव्हा ती परकीय देणगी ठरत नाही. पण त्याच वर्गातल्या मित्राने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर त्याचे पाच हजारही परकीय देणगी. त्यासाठी संस्थेकडे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खाते लागते. गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत असे नागरिकत्व घेतलेले लोक घरोघर भेटतात, म्हणून पावती पुस्तकात नागरिकत्वाचा रकाना ठेवाच. फेस्ताच्या (चर्चच्या वार्षिक सणाच्या) दिवशी मंडपात रोख देणग्या गोळा होतात, तेव्हा चर्चची आणि शाळेची पावती पुस्तके दोन टेबलांवर, दोन माणसांकडे असावीत.

आवारातल्या आंबा-काजूचे उत्पन्न कुणाचे?

जमीन शाळेच्या संस्थेची असेल तर संस्थेचे, आणि ते हिशेबात दिसले पाहिजे. फळांचा वार्षिक लिलाव सूचना लावून, लेखी बोली घेऊन करावा. जागाच भाड्याने द्यायची असेल तर विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३६ आठवा: शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीला तर लागतेच.

मुलाला मारले किंवा त्याहून वाईट काही घडले, तर शाळेने काय करायचे?

छडीबद्दल: आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही, असे म्हणत कोणी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाचा आधार देईल. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यास सांगितले आहे. पण त्यात शिरायची गरजच नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ७५ आपल्या ताब्यातल्या मुलांशी क्रूर वागणाऱ्या कोणालाही लागू होते, शाळा कोणत्याही धर्माची असो.

लैंगिक अत्याचाराची नुसती माहिती कळली तरी पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. इथे चूक कशी होते ते ठरलेले आहे: मुलगी बाईंना सांगते, बाई मुख्याध्यापकांना, ते मॅनेजर फादरांना, ते वरिष्ठांना, आणि 'आधी आपण चौकशी करू' म्हणत आठवडा जातो. क्षमा हे ख्रिस्ती मूल्य आहेच, पण गुन्ह्याची खबर दाबणे त्यात बसत नाही. ज्या शिक्षकाला प्रथम कळले त्याने त्याच दिवशी पोलीस ठाण्याला कळवावे, मुलीला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, तिचे नाव समितीच्या वहीतही लिहू नये. १०९८ हा क्रमांक प्रत्येक वर्गात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा.

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावू नका. तिथे चिठ्ठी टाकायला कोणी धजत नाही. पाण्याच्या टाकीजवळ लावा. दोन कुलपे, एक किल्ली शाळेकडे, दुसरी पालक प्रतिनिधीकडे, दर आठवड्याला उघडणे. कुलूप पितळी घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप एका पावसात गंजते आणि वर्षभर पेटी उघडलीच जात नाही.

शिक्षकावर आरोप झाला तर संस्था त्याला लगेच काढू शकते का?

कायम शिक्षकाला चौकशीविना नाही. चौकशी समिती तीन जणांची: एक संस्थेचा, एक शिक्षकाने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. बडतर्फीविरुद्ध ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, अल्पसंख्याक शाळेतल्या शिक्षकालाही. संस्था हरतात त्या बहुधा आरोप खोटे म्हणून नव्हे, तर आरोपपत्र मोघम असते आणि समिती नीट नेमलेली नसते म्हणून.

दाखल्यावर धर्म-जात कशी लिहायची?

घाईत 'ख्रिश्चन' एवढेच लिहून मोकळे होऊ नका. अनुसूचित जातींचा दर्जा १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. त्या जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा महाराष्ट्रात इतर मागास वर्गात समावेश आहे. आदिवासींच्या दर्जाला धर्म आड येत नाही. म्हणजे मूळ जात नोंदली नसेल, तर मुलाचे पुढे नुकसान होते. आजोबांचा दाखला आणि बाप्तिस्म्याची नोंद घेऊन प्रवेशाच्या वेळीच जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) नीट भरून घ्या. मूल शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते.

शाळेने ऐकलेच नाही तर कुठे जायचे?

वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, शाळा समिती, मग जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी. त्यांच्यावर शिक्षण उपसंचालक: रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी कोल्हापूर, रायगडसाठी मुंबई. दहावीच्या परीक्षेची बाब असेल तर रत्नागिरीचे कोकण विभागीय मंडळ; रायगडची मुले मुंबई मंडळात येतात. संस्थेच्या पैशांबद्दल किंवा विश्वस्तांबद्दल तक्रार धर्मादाय कार्यालयात. कॅथलिक शाळेबाबत धर्मप्रांताच्या शिक्षण विभागाला एक प्रत पाठवावी. पुष्कळदा तिथूनच फोन लवकर जातो.

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शाळा अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'कारभाराची सर्व माहिती द्या' असे न लिहिता वर्ष, ठराव क्रमांक किंवा वहीचे नाव लिहा.